कोऱ्या पानाखाली

शहापूरच्या रद्दीवाल्याकडे
चुकलेल्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी
सव्वा किलो भरलं ते पुस्तक.
कुणा अमेरिकन माणसाच्या गोष्टी.
गोष्टी म्हणायचं, इतकंच.
एक नुसती प्रश्नपत्रिका, गुणांसकट.
एकीत लेखक मध्येच थांबून म्हणतो,
हा दरवाजा मी आत्ताच केलाय,
रंग ओला आहे, टेकू नका.

आणि एक छप्पन्न पानांची,
वर काहीच नाही. पांढरं.
तळाशी बारीक रेघ, रेघेखाली
मुंगीएवढ्या अक्षरात टिपा:

    ३. ही खिडकी त्याने बायको गेल्यावर बसवली.
    ४. पाहा टीप ११.
    ११. पाहा टीप ४.
    १७. ही रेघ नदी नव्हे. पेन्सिल घसरली.

रामदेव गल्लीतल्या छापखान्यात
एकवीस वर्षं मी मुद्रितं तपासली,
सुटलेले अनुस्वार, वधूच्या बापाचं चुकलेलं आडनाव.
कोरं पान दिसलं की हात आपसूक
लाल पेन्सिलीकडे जातो.
या गोष्टीवर काय खूण करावी कळेना.
रात्री तिचं मराठी करत बसायची.
टिपांचं व्हायचं पटापट,
वरच्या पांढऱ्याचं होईना.

शिवण उसवली तेव्हा
वडगावात मष्णू हुंदऱ्याकडे टाकलं.
मागांची खटखट, त्यात तो ओरडून म्हणाला,
"बुधवारी या की बाई."
बुधवारी पुस्तक मिळालं,
नवा पुठ्ठा, खातेवहीचं लाल कापड,
आणि हाताला हलकं.

"त्यात कोरी पानं होती की, मी काढून ठेवलो.
खाली थोडं छापल्यालं, तेवढं काय,
वही झाली आमच्या अनसूला.
छापणाऱ्याची चूक असणार.
तुम्ही तपासायला असता तर झाली नसती."

काय बोलणार.
इतका खूश होता माणूस.

अनसू चौथीत, कन्नड शाळेला.
उंबऱ्यात बसून वही दाखवली तिनं:
गोल गोल अक्षरांत दहा वेळा
किटकि, किटकि, किटकि,
आणि रेघेखाली ती खिडकी,
बायको गेल्यावर बसवलेली.
टीप चारच्या डोक्यावर बाविसाचा पाढा.
अकराच्या वर भागाकार, बाकी सात,
सातचं काय करायचं ठाऊक नसल्यागत
त्याच्याभोवती चौकट.
सतराव्या टिपेवर जिल्ह्याचा नकाशा.
घटप्रभा निळी, मलप्रभा निळी,
आणि पश्चिमेच्या कडेला एक जाड काळी,
खोडून पुन्हा, खोडून पुन्हा,
कागद तिथं इतका विरलाय
की पाठची टीप दिसते.

"हे खाली काय लिव्हलंय?"
मी वाचून सांगितलं. पाहा अकरा. पाहा चार.
ती पानं उलटत गेली, परत आली,
पुन्हा गेली,
तिसऱ्या खेपेला हसायलाच लागली.
"मग आई जेवायला हाक मारेपर्यंत हेच?"

बुधवारचं माझं वडगाव आता ठरलेलं.
पुस्तकाची पानं परत मागितली नाहीत.
घरी येऊन भाषांतराच्या वहीत
वरचा भाग उतरवून घेते:
बावीस त्रिक सहासष्ट. किटकि. बाकी सात.
सगळी खाडाखोड तिथंच होतेय.

गेल्या खेपेला एक पान तिनं कोरं सोडलेलं.
का गं, तर म्हणाली,
त्या दिवशी बंद होता,
बस फोडलेली,
शाळेतनं लवकर सोडलं.
तेवढं राहू दे.

त्या पानाखाली टीप एक्केचाळीस आहे.
ती मी अजून तिला वाचून दाखवलेली नाही.